‘फक्त सहीपुरतं’ संचालकपद घ्यावं का?

नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. वय 61, पेन्शन सुरू आहे. मुदत ठेव संपून आलेले 12 लाख रुपये बचत खात्यात पडून आहेत आणि डोंबिवलीतला वन बीएचके वर्षभर रिकामा आहे. भाच्याचा मित्र लोकांना कंपन्या काढून देण्याचं काम करतो. तो म्हणतो, ‘मावशी, एका कंपनीत फक्त सहीपुरतं संचालक व्हा, महिना 8,000 देतो. फ्लॅटचा पत्ता कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयासाठी द्या, त्याचे वेगळे 4,000.’ डिजिटल सहीचा टोकन, म्हणजे ती सही ज्यात साठवलेली असते ते पेनड्राइव्हसारखं उपकरण, त्याच्याकडेच राहणार, ओटीपी आला की ताईंनी फोनवर सांगायचा. पॅन आणि आधारचे फोटो पाठवूनही झालेत. ताई विचारतात, ‘घरबसल्या वर्षाला 1,44,000 मिळत असतील तर नको का म्हणायचं?’

ताई, संचालकपदाला स्पष्ट नाही म्हणा. फ्लॅटचं थोडं वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

काम काहीच नसताना हे 8,000 कशाचे, याचा आधी विचार करा. कंपनीच्या कागदावर ज्याला स्वतःचं नाव नको आहे, तो तुमचं नाव भाड्याने घेतोय. इतकी वर्षं नोकरी करून स्वच्छ ठेवलेला पॅन त्याला हवाय. काळा पैसा फिरवणाऱ्याला अशा कंपनीचं बँक खातं फार सोयीचं पडतं, कारण चौकशीचा माग येतो तो तुमच्या दारापर्यंत. 2022 मध्ये गुरुग्रामच्या एका कंपनीवर केंद्राने छापे घातले, ते नेमके याच धंद्यासाठी. चीनशी धागे असलेल्या बनावट कंपन्या स्थापन करायच्या आणि त्यांना पैसे देऊन नामधारी संचालक पुरवायचे.

त्यानंतर 9 मे 2023 च्या अधिसूचनेने हा व्यवसाय मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणला. दुसऱ्यासाठी व्यवसाय म्हणून कंपनी काढून देणं, संचालक होणं किंवा पुरवणं, कार्यालयाचा पत्ता देणं, दुसऱ्याच्या वतीने शेअर नावावर ठेवणं, सगळं त्यात आलं. हे काम करणाऱ्याने ग्राहकाची ओळख तपासायची, खरा मालक कोण ते शोधायचं, कागदपत्रं किमान 5 वर्षं जपायची आणि संशय आला तर दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला, म्हणजे एफआययूला कळवायचं. मला हा बदल मनापासून पटतो. इतकी वर्षं सापडायचा तो सही करणारा, आणि कंपन्या थाटून देणारा नामानिराळा राहायचा.

म्हणून भाच्याच्या मित्राला एवढंच विचारा, ‘कंपनीचा खरा मालक कोण आणि तुझी एफआययूकडे नोंदणी आहे का?’ उत्तर लेखी मागा. अनेक सीएंच्या ड्रॉवरमध्ये अशिलांचे टोकन पडलेले असतात, ती सवयही मला आवडत नाही. पण तिथे कंपनी निदान अशिलाची स्वतःची असते.

आता जोखमीचा हिशेब. खासगी कंपनीचा आयकर कंपनीकडून वसूल झाला नाही तर तो संचालकांकडून वसूल करता येतो. थकबाकीत आपला निष्काळजीपणा नव्हता, हे संचालकानेच सिद्ध करायचं असतं. ओटीपी वाचून दाखवणाऱ्या संचालकाने ते कसं सिद्ध करायचं? मनी लाँडरिंगचा गुन्हा ठरला तर 3 ते 7 वर्षं सक्तमजुरी आहे, आणि त्याआधीच मालमत्तेवर टाच येऊ शकते. राजीनामा दिला तरी तुमच्या काळातली जबाबदारी मागे उरतेच.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकांनी ओळखीखातर अशीच सही केली होती. त्या कंपनीने सलग तीन वर्षं विवरणपत्रं भरली नाहीत. 2017 मध्ये सरकारने 2 लाखांहून जास्त कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली, त्या झाडाझडतीत काका 5 वर्षांसाठी अपात्र ठरले. मुलीबरोबर काढलेल्या हळद-मसाल्याच्या छोट्या कंपनीतलं संचालकपदही त्यांना सोडावं लागलं. ती नोटीस त्यांनी चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवली होती. माझ्या टेबलावर ती उलगडताना त्यांची बोटं थरथरत होती, ते मी विसरलेलो नाही.

फ्लॅट भाड्याने जरूर द्या, पण तिथे बसून खरंच काम करणाऱ्या भाडेकरूला. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा, सोसायटीची परवानगी घ्या, भाडं बँकेतच घ्या. नुसता पत्ता देऊ नका. कंपनी निबंधक पत्त्यावर येऊन पाहणी करू शकतात आणि कुलूप दिसलं की प्रश्न तुम्हालाच विचारतील. वरच्या अधिसूचनेत भाडेकराराला सूट आहे, पण भाड्यावर टीडीएस कापला जात असेल तर. 4,000 रुपयांत नुसता पत्ता वापरू देणं त्यात बसत नाही.

आणि ते 12 लाख बचत खात्यात ठेवू नका. दोनेक लाख अडीअडचणीसाठी दुसरीकडे असतील तर ही रक्कम पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 24,600 रुपये येतील, म्हणजे महिन्याला 8,200. व्याजावर कर लागू शकतो, मुदत 5 वर्षांची आहे. पण संचालकपदाचे तो देऊ करतोय तेवढेच पैसे तुमच्याच पैशांतून येतील, तेही सरकारी हमीने.

राहिले पॅन-आधारचे फोटो. डिजिटल सहीसाठी व्हिडिओ पडताळणी लागते. तुम्ही कॅमेऱ्यासमोर नाव सांगून तसं काही केलंय का, आठवा. केलं असेल तर ज्या संस्थेने सही दिली तिला आजच लिहून ती रद्द करायला सांगा. मग कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तुमच्या नावाने संचालक क्रमांक निघालाय का, ते एखाद्या कंपनी सेक्रेटरीकडून (सीएस) बघून घ्या. भाच्याच्या मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवा, ‘माझी कागदपत्रं कुठल्याही कंपनीसाठी वापरायला माझी संमती नाही.’ तो मेसेज जपून ठेवा, आणि यापुढे त्याचा फोन आला तर ओटीपी सांगू नका.