गॅसची चावी आणि नळीचा कान

जुळे सोलापूरचे एक वाचक रायफलींवरचा इंग्रजी लेख मराठीत आणताहेत. नळीच्या तोंडाला सप्रेसर (बाराचा आवाज कमी करणारं नळकांडं) लावून आणि न लावता, अशा दोन्ही तऱ्हांनी वापरायच्या रायफलींत गॅस कमी-जास्त करायची जी सोय असते, त्यावरचा तो लेख आहे. त्यांनी शीर्षक केलंय: 'ध्वनिशमकयुक्त व ध्वनिशमकविरहित रायफलींकरिता समायोज्य वायू प्रणाली'. बरोबर आहे का, असं विचारतात.

व्याकरणाने बरोबर आहे. मराठी नाही.

'समायोज्य' या शब्दाने माझं डोकं फिरतं. खुर्ची समायोज्य, पट्टा समायोज्य, व्याजदर समायोज्य, सगळीकडे हेच. कोणी तरी नव्या पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'एक समायोज्य पाना द्या' म्हणून दाखवावं. बोलता येत नाही तो शब्द लिहायचा कशाला? 'वायू' की 'गॅस' यात मी वेळ घालवत नाही. गॅस म्हणा. वाचकाला घरातली शेगडी आठवेल अशी भीती असेल तर एकदा 'दारू जळून झालेला गॅस' असं लिहा आणि पुढे चला. 'प्रणाली' मात्र नकळत नेमकी लागली आहे. संस्कृतात प्रणाली म्हणजे वाहून नेणारी नाली, आपली 'पन्हळ' त्याच घरची. गॅस वाहून नेणाऱ्या नळीला याहून चांगला शब्द शोधून सापडला नसता. पण संगणक प्रणाली आणि शिक्षण प्रणालीनंतर ती नाली कोणाला दिसते?

आता यंत्र काय करतं ते पाहू, कारण शब्द तिथूनच निघतो. काडतुसातली दारू जळते, तिचा गॅस गोळीला नळीतून पुढे रेटतो. नळीच्या अंगाला वाटेत एक बारीक भोक असतं. गोळी ते ओलांडून गेली की थोडा गॅस त्या भोकात शिरतो आणि दट्ट्याला मागे ढकलतो (काही रायफलींत दट्ट्या नसतो, गॅस नळीने थेट मागे जातो). नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळा, म्हणजे बोल्ट, उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, स्प्रिंग बोल्टला परत पुढे आणते आणि येताना नवं काडतूस आत बसतं. सप्रेसर लावला की गॅस तोंडातून भसकन निघून जात नाही, अडकून राहतो. नळीतला दाब जास्त वेळ टिकतो, म्हणून भोकातूनही जास्त गॅस येतो. बोल्ट लवकर आणि जोरात उघडतो. पुंगळी अजून दाबाने फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, चिकटलेली असते, तेवढ्यात तिची कड ओढली जाते, कधी फाटते. धूर आणि काजळी नेमबाजाच्या तोंडावर येते. उलट, सप्रेसरसाठी बेतलेला कमी गॅस सप्रेसर काढल्यावर तसाच ठेवला तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रायफल अडकते. म्हणून गॅस हाताने कमी-जास्त करायची सोय.

ही सोय सप्रेसरसाठीच जन्मली, असा सूर प्रश्नात आहे. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रेन मशीनगनला चार मापांच्या भोकांचा रेग्युलेटर, म्हणजे गॅस कमी-जास्त करणारा भाग, होता, तो काजळी आणि धूळ साचल्यावर जास्त गॅस घेण्यासाठी. आपल्या फौजेने आणि पोलिसांनी वर्षानुवर्षं खांद्यावर वागवलेली एसएलआर रायफल ही बेल्जियमच्या एफएन एफएएल रायफलच्या वंशातली. तिची तऱ्हा वेगळी: ती आत येणारा गॅस मोजत नाही, जादा गॅस बाहेर सोडून देते. रायफल ग्रेनेड (नळीच्या तोंडावरून डागायचा बॉम्ब) डागायचा तर पुढचा प्लग फिरवून गॅस अजिबात बंद करता येतो. भारतीय बनावटीच्या इन्सास रायफललाही तसाच रेग्युलेटर आहे. १९६३ च्या रशियन द्रागुनोव रायफलचा रेग्युलेटर तर काडतुसाच्याच बुडाची कड खाचेत घालून फिरवतात. 'एक खूण नुसत्या नळीसाठी, एक सप्रेसरसाठी' असा दोन खुणांचा रेग्युलेटर, एफएन स्कार रायफलला असतो तसा, त्या मानाने अलीकडचा.

नळीतल्या त्या भोकाला मराठीत काय म्हणायचं? नवा शब्द पाडायची गरजच नाही. बंदूक-तोफेच्या नळीला पाडलेल्या बारीक भोकाला आपल्याकडे फार पूर्वीपासून शब्द आहे: कान. शत्रूच्या तोफा निकामी करायच्या तर 'तोफांच्या कानात खिळे ठोकले' असंच आपण वाचत आलो. बत्ती द्यायची ती त्या कानालाच. तोफेच्या कानातून आग आत जायची, रायफलच्या भोकातून गॅस बाहेर येतो, म्हणून उपमा जुळत नाही असं कोणी म्हणेलच. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणारे कान आपण रोज बघतो, तेव्हा हा आक्षेप मी मनावर घेत नाही. गॅस कमी करणं म्हणजे कान पिळणं. बळी तो कान पिळी, इथे अक्षरशः.

आणि पिळायचं कशाने? चावीने. इथे मला थांबावंच लागतं.

सोलापुरात चावी म्हणजे काय हे सांगायला नको. उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी कमरेइतकी उंच, आडव्या मुठीची लोखंडी चावी घेऊन चावीवाला उभा राहतो. रस्त्यातलं झाकण उचलतो, चावी खाली सोडतो आणि किती आटे फिरवायचे ते त्याचं तो ठरवतो. जास्त उघडली तर खालच्या घरांत पाणी धो धो, वरच्यांना थेंब नाही. रायफलच्या रेग्युलेटरचं काम हेच. पण शब्द बघा. घराच्या कुलपाला आपण किल्लीही म्हणतो आणि चावीही. पाण्याच्या माणसाला 'किल्लीवाला' म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. किल्ली ही कील-खिळ्याच्या घरातली. चावी पोर्तुगिजांची, त्यांच्या 'शावि'ची. जुन्या उच्चारात तो 'चावि' होता आणि आपण तो तसाच उचलला. काडतूस त्यांचंच, पिस्तूलही त्यांचंच. म्हणजे द्रागुनोवचा रेग्युलेटर काडतुसाने फिरवणारा रशियन सैनिक मराठीत सांगायचा झाला तर दोन पोर्तुगीज शब्दांशिवाय सांगताच येत नाही.

मागे याच शब्दावर पुण्याच्या एका अभ्यासकांनी खुलासा केला होता, की चावी कुलपाला 'चावते' म्हणून ती चावी. टाळ्याही पडल्या. मग बंगालीत 'चाबि' का? तिथे चावणं म्हणजे 'चिबानो'. तमिळमध्ये 'सावि' कशी आली? तिथे चावणं म्हणजे 'कडि'. जिथे जिथे बंदरातून पोर्तुगीज माल उतरला, तिथे तिथे हा शब्द उतरला. पुण्यात बंदर नाही हे मान्य, पण म्हणून कुलपांना दात फुटत नाहीत.

खरी मजा आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात आहे. तिथल्या पद्मशाली विणकरांच्या घरांतल्या तेलुगूत किल्लीला म्हणतात 'ताळं चेवि'. ताळं म्हणजे कुलूप, चेवि म्हणजे कान. कुलपाचा कान! अक्कलकोटकडच्या कानडीत तीच वस्तू 'कीलिकै', म्हणजे कुलपाचा हात. एकाच जिल्ह्यात एकाच लोखंडी तुकड्याला एक घर कान म्हणतं आणि एक हात. तेलुगू जाणकार म्हणतात, किल्लीचा गोल मागचा भाग कानासारखा दिसतो म्हणून. मला हे पटत नाही. कानासारखी दिसणारी वस्तू हजार सापडतील, पण तोच शब्द नेमका किल्लीलाच का चिकटावा? माझा दावा असा की परदेशी 'चावि' कानावर पडला, ओळखीचा वाटेना, आणि लोकांनी त्याला घरचा 'चेवि' करून टाकला. अनोळखी शब्दाला घरचे कपडे घालायची खोड सगळ्या भाषांना आहे. 'चेवि' म्हणजे कान हा मूळ द्राविडी शब्द, तमिळमध्ये 'सेवि', कानडीत 'किवि', यात कोणाचं दुमत नाही. त्यामुळेच तर वेषांतर इतकं बेमालूम झालं. एका तेलुगू प्राध्यापकांनी यावर मला 'पुरावा काय' असं विचारलं. त्यांच्याकडे मागच्या गोल भागापलीकडे काय पुरावा आहे, ते त्यांनीही सांगावं.

तर भोक म्हणजे कान, रेग्युलेटर म्हणजे चावी, आणि पूर्व भागात दोन्ही एकाच उच्चारात.

राहिला सप्रेसर. 'ध्वनिशमक' नको. 'सायलेन्सर' चालेल का? आपल्याकडे सायलेन्सर म्हणजे बुलेट मोटरसायकलचा, आणि तो आवाज बंद करण्यासाठी नसून सात रस्ता चौकात फटाके वाजवण्यासाठी बसवतात. रायफलचाही गप्प करत नाही. सुमारे १६० डेसिबलचा बार तो वीस-तीस डेसिबलने खाली आणतो. इन्सासची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर धावते, आवाज ३४० च्या आसपास, त्यामुळे आवाजाला मागे टाकणाऱ्या गोळीचा स्वतःचा कडाका तसाच राहतो. सिनेमात 'फुस' करून माणूस पडतो आणि बातमीदार 'सायलेन्सरमुळे आवाजच आला नाही' लिहितात, ते सोडून द्या. बाकी 'सायलेन्सर' चुकीचा शब्दही नाही. १९०९ मध्ये पेटंट घेणाऱ्या हायरम पर्सी मॅक्सिमने याच नावाने तो विकला आणि अमेरिकन कायदा आजही तोच शब्द वापरतो, जोडीला 'मफलर'ही. लेखात तेवढा मफलर आणू नका. सोलापूरचा वाचक उन्हाळ्यात हसेल.

शीर्षक असं करा: 'सप्रेसर लावून आणि न लावता: रायफलमधली गॅसची चावी'. प्रश्नाच्या तळाशी बोल्टला मागे-पुढे नेणाऱ्या बोल्ट कॅरिअरला काय म्हणावं असंही विचारलंय. बोल्ट कॅरिअर म्हणा.