नाशिकहून जानेवारीत टोरोंटोला मुलाखतीसाठी जायचंय. बर्फात सूट कसा घालायचा?

निफाडला पारा घसरतो तेव्हाचा जाड स्वेटर सूटच्या आत कोंबू नका. टोरोंटोत बाहेर उणे १० असलं तरी ऑफिसात २०-२२ अंश असतात. पाच मिनिटांत घाम फुटतो आणि ब्लेझर काखेत ओढला जातो. ऊब ओव्हरकोटात हवी, कारण तो दारातच काढता येतो. लोकरीचा, गुडघ्यापर्यंतचा घ्या. आखूड जॅकेटखालून ब्लेझर लोंबताना दिसतो. आत पातळ मेरिनो लोकरीचं थर्मल. सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं आणि बाहेर पडलात की अंगावर गार पडतं.

सूट नाशिकलाच शिवा, पण मापं देताना थर्मल अंगात असू द्या. ओव्हरकोट मात्र ब्लेझरवरून घालून बघूनच विकत घ्या.

खरी फजिती बुटांची होते. बर्फ वितळावं म्हणून फुटपाथवर मीठ टाकतात; ते चामड्यावर सुकलं की पांढरे वळ उठतात. म्हणून रबरी, खाचदार तळव्याचे बूट घालून जा, पँटचे पाय त्यात खोचा आणि फॉर्मल बूट पिशवीतून नेऊन लॉबीत बदला. सोबत मोज्यांचा कोरडा जोडही ठेवा. डाग पडलाच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ओलसर फडक्याने पुसा. हीटरजवळ बूट सुकवलेत तर चामडं तडकतं.

१५ मिनिटं आधी पोचा. चष्म्यावरची वाफ, टोपीने चपटे झालेले केस आणि वाहतं नाक, तिन्ही निस्तरायला तेवढा वेळ लागतोच.