आकडा कुणी तपासला?

वाचकांचे प्रश्न, संपादकीय टेबलावरची उत्तरं

प्रश्न : ताई, एका विद्यापीठाचा संशोधन-अंक वाचायला मिळाला. शिक्षणशास्त्र, संगणक सुरक्षा, जीवरसायन आणि सौरऊर्जा असे चार विषयांचे निबंध एकाच पुठ्ठ्यात. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक. सौरऊर्जेच्या निबंधात कार्यक्षमता दशांशापर्यंत दिली आहे, आणि शिक्षणाच्या निबंधात पानोपानी ‘असे सूचित होते’, ‘काही परिस्थितीत’. याला संशोधन म्हणायचं?

उत्तर : म्हणायचं, सर. हा भौतिकशास्त्रवाल्यांचा खानदानी राग आहे. चारही शाखांचे निबंध ज्या टेबलावरून छपाईला जायचे तिथे मी नोकरीभर बसले, त्यामुळे तो पुष्कळ ऐकला आहे. पण सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेले दोन सौरघट संध्याकाळी वेगवेगळ्या घरी जात नाहीत. मुलं जातात. एका वर्गाचे गुण वाढले ते नव्या पद्धतीमुळे, की त्या वर्गाला मुळातच बाई चांगल्या मिळाल्या म्हणून, हे सुटं करण्यातच त्या शास्त्राची निम्मी शक्ती खर्च होते.

ते सुटं कसं करतात ते बघा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 मध्ये ‘स्टार’ नावाचा प्रयोग सुरू झाला. वर्गात मुलं कमी असली तर शिकणं सुधारतं का, एवढाच प्रश्न. 79 शाळा, आणि चार वर्षांत मिळून साडेअकरा हजारांच्या आसपास मुलं. खरी करामत मांडणीत होती. 13 ते 17 मुलांचा छोटा वर्ग, 22 ते 25 चा नेहमीचा वर्ग आणि मदतनीस दिलेला नेहमीचा वर्ग, असे तीन प्रकार एकाच शाळेत ठेवले. कोणतं मूल कुठे बसणार हे पालकांनी ठरवलं नाही, मुख्याध्यापकांनीही नाही; ते यदृच्छेवर सोडलं. शिक्षकही तसेच वाटले. छोट्या वर्गातली मुलं पुढे गेली. मदतनीस देऊन फारसा फरक पडला नाही.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. 1996 मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभर खालच्या इयत्तांचे वर्ग लहान करायला घेतले. एकदम इतके वर्ग वाढले की पुरी पात्रता नसलेले शिक्षक भरावे लागले, आणि टेनेसीत दिसला तसा स्वच्छ फायदा तिथे काही दाखवता आला नाही. म्हणून टेनेसीचा निष्कर्ष खोटा ठरला का? मुळीच नाही. फक्त निबंधातले ‘काही परिस्थितीत’ हे शब्द वाचणाऱ्याने गाळले होते.

तेव्हा भाषेवर चिडू नका. चिडायचंच तर ‘संशोधन पद्धती’ या प्रकरणावर चिडा, आणि तिथे एकच गोष्ट शोधा : कोणतं मूल कोणत्या गटात, हे कुणी ठरवलं? ‘इच्छुक शिक्षकांनी नवी पद्धत वापरली व उर्वरित वर्गांशी तुलना केली’ असं वाक्य आलं, की त्यापुढची कोष्टकं मी फक्त मुद्रणदोषांसाठी वाचायचे. आणि त्या दशांशाचं म्हणाल, तर त्याची उलटतपासणी खाली एका पत्रात होणार आहे.

प्रश्न : मी संगणक सुरक्षेत पीएच.डी. करतो आहे. कूटलेखनाची एक नवी पद्धत बसवली. विभागातल्या सगळ्यांना फोडायला दिली, कुणालाच जमलं नाही. निबंधात आतला तपशील सुरक्षेच्या कारणास्तव वगळला होता. समीक्षकाने लिहिलं, ‘हा पुरावा नव्हे.’ मग पुरावा म्हणजे काय?

उत्तर : समीक्षकाचं बरोबर आहे. विभागातल्या माणसांना पद्धत फोडता आली नाही, यातून तुझ्या विभागाबद्दल माहिती मिळते. पद्धतीबद्दल नाही.

बाकीच्या शास्त्रांत निसर्ग तुमच्या वाईटावर टपलेला नसतो. तुझ्या शास्त्रात समोर डोकं चालवणारा माणूस असतो. ‘साइक’ या कूटलेखनाच्या पद्धतीचं काय झालं ते वाच. तिच्या मुळाशी असलेली कल्पना 2011 ची. क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या पद्धती निवडण्याचं काम अमेरिकेची ‘निस्ट’ ही मानक संस्था करत होती, त्यात जुलै 2022 च्या सुरुवातीला साइक चौथ्या फेरीत पोचली. महिना संपायच्या आत वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू या दोघांनी तिची सर्वांत छोटी अधिकृत आवृत्ती साधारण तासाभरात उघडली, तीही साध्या प्रोसेसरच्या एका कोअरवर. क्वांटम संगणकाची गरजच पडली नाही. हत्यार कोणतं, तर अर्न्स्ट कानी यांचं 1997 मधलं शुद्ध गणितातलं प्रमेय. म्हणजे पद्धत जन्मली तेव्हा तिचा काळ चौदा वर्षांचा होऊन कपाटात बसला होता.

आणि हे सगळं उघड्यावर ठेवलेल्या पद्धतीचं झालं. तू तर तपशीलच झाकतोस! ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्येच लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त ठेवायची ती किल्ली. तेव्हा तपशील छाप, कोड दे. हल्लेखोराला काय ठाऊक आहे आणि त्याला काय काय करता येतं हे पहिल्या दोन पानांत स्पष्ट लिही. तुझी पद्धत फोडणं म्हणजे अमुक एक जुना, नावाजलेला अवघड प्रश्न सोडवणं, असं सिद्ध करता आलं तर उत्तम. तेवढं जमत नसेल, तर निदान ज्यांना तुझी भीडभाड नाही अशांच्या हाती ती दे.

प्रश्न : आमच्या कार्यालयात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावतात. यामागे काही संशोधन आहे का?

उत्तर : आहे, पण उलट बाजूचं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये 7,700 हून अधिक जुनी खाती तपासली. तिथेही असाच तीन महिन्यांचा नियम होता. आधीचा पासवर्ड हाती असेल, तर 41 टक्के वेळा नवा पासवर्ड संगणकाला काही सेकंदांत काढता आला. 17 टक्के खात्यांत तर पाचच्या आत अंदाजांत. कारण माणूस 1 चा 2 करतो, एस काढून डॉलरचं चिन्ह घालतो आणि मोकळा होतो. निस्टनेही 2017 पासून ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याची खूण दिसली तर लावा, अशी शिफारस केली आहे. हे कात्रण संगणक विभागाच्या फलकावर लावा. नाव मात्र लिहू नका.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बियांमधून एक एन्झाइम शुद्ध करते आहे. कच्च्या अर्काची एकूण क्रियाशीलता 100 टक्के धरली, तर अमोनियम सल्फेट (प्रथिनं साक्याच्या रूपात खाली बसवणारं मीठ) घालायच्या पायरीनंतर ती 130 टक्के येते. सर म्हणतात, शुद्ध करताना एन्झाइम वाढूच शकत नाही, ती ओळ काढून टाक. काढू का?

उत्तर : मुळीच काढू नकोस. अख्ख्या कोष्टकात तीच एक ओळ काहीतरी सांगते आहे. एन्झाइम वाढू शकत नाही हे सरांचं खरंच आहे, पण मोजलेली क्रियाशीलता वाढू शकते. दोन्ही एकच नव्हेत.

पहिला संशय : कच्च्या अर्कात एन्झाइमला दाबून धरणारा एखादा पदार्थ आहे आणि अमोनियम सल्फेटच्या पायरीला तो मागे राहिला. हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. शुद्ध केलेला अंश वेगळा मोज, कच्चा अर्क वेगळा मोज, मग दोन्ही एकत्र करून मोज. एकत्र आलेला आकडा बेरजेपेक्षा बराच कमी निघाला, तर चोर अर्कातच आहे.

दुसरा संशय जरा कमीपणाचा आहे, पण बहुतेक वेळा तोच खरा निघतो. कच्च्या अर्कात एन्झाइम इतकं दाटलेलं असतं की मोजमाप धड सुरू होईपर्यंत सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, संपत आलेला असतो. मग सुरुवातीचा खरा वेग हाती लागतच नाही आणि 100 टक्के म्हणून धरलेला आकडाच लहान निघतो. अर्क निम्मा विरळ कर. वेग निम्मा झाला पाहिजे. नाही झाला, तर आणखी विरळ करत जा, आणि जिथून तो प्रमाणात घटायला लागतो तिथला आकडा धर. आणखी एक. प्रथिन लाउरीच्या चाचणीने मोजत असशील तर डायलिसिस करून अमोनियम सल्फेट आधी घालव. ते त्या चाचणीत लुडबुड करतं आणि विशिष्ट क्रियाशीलतेचा (दर मिलिग्रॅम प्रथिनामागच्या क्रियाशीलतेचा) आकडा बिघडवतं.

चाचणीला जे दिसत नाही ते नाहीच, असं मानण्याची खोड तुझ्या शास्त्रात थोरामोठ्यांनाही होती. 1915 चं नोबेल मिळालेले रिशार्ड विल्श्टेटर म्हणत की एन्झाइम हे प्रथिन नव्हेच. त्यांच्या शुद्ध नमुन्यांत क्रियाशीलता असायची, पण प्रथिनाची चाचणी काही दाखवत नसे. एन्झाइमचा किंचितसा अंशही काम करतो आणि तेवढं प्रथिन त्या काळच्या चाचण्यांच्या नजरेत येत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता. 1926 मध्ये जेम्स सम्नर यांनी जॅक बीन या शेंगेच्या बियांतून यूरिएज या एन्झाइमचे स्फटिक काढले आणि हे प्रथिन आहे असं सांगितलं, तरी विल्श्टेटरांच्या गोटाने ते मानलं नाही. 1930 मध्ये जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिन या पाचक एन्झाइमचे स्फटिक काढले तेव्हा पारडं झुकू लागलं. सम्नर आणि नॉर्थ्रॉप यांना नोबेल मिळायला 1946 उजाडलं.

जाता जाता : सम्नर यांचा एक हात सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात गेला होता, आणि एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या वाटेला जाऊ नये असा सल्ला त्यांना ऑटो फोलिन यांनी दिला होता. लाउरीच्या चाचणीसाठी तुझ्या मांडणीवर जी बाटली असेल ती याच फोलिनांच्या नावाची.

सरांना दोन्ही तपासण्यांचे आकडे दाखव. ओळ ठेव, खाली टीप दे.

प्रश्न : बातमीत सोलर सेलची कार्यक्षमता 34 टक्के म्हणतात, पॅनेलच्या माहितीपत्रकात 22 टक्के. फसवतंय कोण?

उत्तर : कुणी नाही. बातमीतला घट बहुधा सिलिकॉनवर पेरोव्स्काइट या दुसऱ्या प्रकाशशोषक पदार्थाचा थर चढवलेला, प्रयोगशाळेतला, एखाद्या चौरस सेंटिमीटरचा. पॅनेल दोन चौरस मीटरचं, नुसत्या सिलिकॉनचं. एकाच पदार्थाच्या घटाला विल्यम शॉकली आणि हान्स क्वाइसर यांनी 1961 मध्ये सैद्धांतिक मर्यादा घालून दिली. ती ढोबळ मानाने 33 टक्क्यांच्या घरात येते. दोन थरांनी सूर्यप्रकाश वाटून घेतला म्हणून 34 चा आकडा शक्य झाला.

पण ते 22 टक्केही 25 अंश तापमानाला आणि चौरस मीटरला 1,000 वॉट प्रकाशात मोजलेले असतात. भर उन्हात पॅनेल साठ अंशांवर जातं. सिलिकॉन दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के शक्ती गमावतं. हिशेब केलात तर 22 चे 19 च्या आसपास उरतात.

आता पहिल्या पत्रातल्या सरांसाठी. पेरोव्स्काइटची वाटचाल 2009 मध्ये 3.8 टक्क्यांवरून सुरू झाली, आणि तो घट काही मिनिटांतच खराब व्हायचा. पुढे आकडे भराभर चढू लागले तेव्हा लक्षात आलं की व्होल्टेज वरून खाली आणत मोजलं की एक कार्यक्षमता येते, खालून वर नेत मोजलं की दुसरी, बहुधा कमी. घट तोच, दिवा तोच! छापायला कोणता आकडा जायचा ते सांगायला नको. घटाचा ठरावीक भागच उघडा ठेवणारा मुखवटा जरा सैल बसला तरी कडेचा प्रकाश आत शिरतो आणि टक्के फुगतात. म्हणून दोन्ही दिशांनी मोजलेले आलेख, मुखवट्याचं क्षेत्रफळ आणि घट तासन् तास प्रकाशात ठेवल्यावर टिकलेली शक्ती, हे तिन्ही निबंधात आहे का ते बघायचं, आणि विक्रमाचा दावा असेल तर त्रयस्थ प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागायचं. हे नसेल तर दशांशानंतरचे अंक शोभेचे आहेत.

प्रश्न : मी एका निवड समितीवर आहे. एक उमेदवार जीवरसायनातली, दुसरा संगणक सुरक्षेतला. पहिलीची साइटेशन्स, म्हणजे इतरांच्या निबंधांत आलेले तिच्या निबंधांचे संदर्भ, दुसऱ्याच्या कितीतरी पट. दुसऱ्याचे बरेचसे निबंध नियतकालिकांत नसून परिषदांतले. निर्णय सरळच दिसतो, नाही का?

उत्तर : सरळ दिसतो म्हणूनच विचारता आहात ना? संगणक सुरक्षेत चांगल्या परिषदेतला निबंध हाच पहिल्या प्रतीचा मानतात. तिथली छाननी कडक असते आणि बहुसंख्य निबंध परत जातात. तुमच्या गुणांकनाच्या नमुन्यात परिषदेतल्या निबंधाला अर्धा गुण असेल, तर दोष नमुन्याचा आहे.

साइटेशनचं विचाराल तर ऑलिव्हर लाउरी यांचा 1951 चा निबंध घ्या. वर एन्झाइमवाल्या मुलीला दिलेल्या उत्तरातली प्रथिन मोजण्याची चाचणी ती हीच. तीन लाखांहून अधिक साइटेशन्स, कुठल्याही विषयात दुर्मीळ. हा काही फार थोर निबंध नाही, हे लाउरी स्वतःच लिहून गेले आहेत. प्रथिन तर सगळ्यांनाच मोजायचं असतं, म्हणून नाव घेतलं जातं. जीवरसायनात माणसंही जास्त आणि निबंधांच्या शेवटची संदर्भांची यादीही लांब.

दोघांकडून त्यांना स्वतःला उत्तम वाटणारे दोन-दोनच निबंध मागवा आणि त्या-त्या विषयातल्या, दोघांशीही संबंध नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या. मानधन द्या, फुकटात कुणी पद्धतीचं प्रकरण वाचत नाही.