मिनीआपोलिसला येताय? मग आमच्या शेजारच्या आजींबद्दल सांगते

ताई, यजमानांच्या नोकरीमुळे जानेवारीत अमेरिकेत मिनीआपोलिसला यायचंय, लेक ६ वर्षांची आहे, तर एवढ्या थंडीत माणसं भेटतील का आणि तिचं मराठी टिकेल का, असं तुम्ही विचारलंय.

थंडीचं आधी उरकते. पारा उणे २५ सेल्सिअसपर्यंत उतरतो. कोट आणि बूट तिकडून आणू नका, इथेच घ्या, तेही पहिल्याच दिवशी. घर घेतलंत तर बर्फ थांबल्यापासून २४ तासांत दारापुढची पायवाट मोकळी करावी लागते. १४ वर्षांपूर्वी हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पहिल्या बर्फात सकाळी दार उघडलं, तर शेजारच्या ८३ वर्षांच्या आजी फावडं घेऊन आमची पायवाट साफ करत होत्या.

गेल्या फेब्रुवारीत त्या गेल्या. ९७ वर्षांच्या होत्या. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला त्यांच्याकडूनच मिळालं, म्हणून त्यांच्याबद्दल सांगते.

त्यांचा जन्म इथून तासाभरावरच्या शिसागो काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). आजी-आजोबा स्वीडनच्या स्मोलंड भागातून आलेले. तिथली जमीन दगडधोंड्यांची, वाटण्या होऊन होऊन इतकीशी उरलेली, की घर चालेना. १८५० ते १९३० या काळात स्वीडनमधून सुमारे १२ लाख माणसं अमेरिकेत आली, त्यातलंच हे एक घर. आल्यावर गावकऱ्यांनी मिळून लुथेरन (ख्रिस्ती धर्मातला एक प्रॉटेस्टंट पंथ) चर्च उभं केलं. प्रवचन, भजनं, मुलांची शिकवणी, सगळं स्वीडिशमध्ये. आजींच्या थोरल्या भावाची चर्चमधली दीक्षा (मुलं मोठी झाल्यावर श्रद्धेची कबुली देतात तो विधी) स्वीडिशमध्ये झाली आणि त्यांची स्वतःची इंग्रजीत. एका घरात, काही वर्षांच्या अंतरानं भाषा बदलली.

स्वीडिशमध्ये त्यांना गप्पा मारता येत नव्हत्या. पण जेवायला बसल्या की हात जोडून म्हणायच्या, 'ई येसु नाम्न तिल बूर्ड्स वी गो'. येशूचं नाव घेऊन पानावर बसतो आहोत, असा अर्थ. मी त्यांना 'वदनी कवळ घेता' म्हणून दाखवलं, तर दोनदा म्हणायला लावलं. त्यानंतर आमच्याकडे जेवायला आल्या की आधी माझा मुलगा म्हणायचा, मग त्या. तो आता १५ वर्षांचा आहे. मराठी वाचताना अडखळतो, पण पानावर बसला की हे त्याच्या तोंडी आपसूक येतं. म्हणून लेकीसाठी मराठीचे वर्ग जरूर शोधा, पण रोज घरात म्हटलं जाणारं काहीतरी आजपासूनच सुरू करा.

आता माणसांचं. इथले लोक हसून बोलतात, पण घरी बोलवायला वर्ष लावतात. ओळख होते ती चर्चच्या तळघरात. तिथे बायका गोरगरिबांसाठी, निर्वासितांसाठी गोधड्या करतात, ६० बाय ८० इंचांच्या. आपल्यासारखा धावदोरा घालत नाहीत. जाड दोरा आरपार ओवून वितभर अंतरावर गाठी मारतात. माझ्या आईच्या दोन जुन्या सुती साड्या मी दिल्या, त्या आजींनी अस्तराला लावल्या. पोत बोटांनी चाचपत म्हणाल्या, किती वेळा धुतली असेल ही! तुम्ही धर्माचं विचारलं नाहीत, पण मनात असेल म्हणून सांगते: इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही मला प्रार्थनेला बसायला सांगितलं नाही.

त्यांच्या अंत्यविधीनंतर त्याच तळघरात जेवण होतं. मोठ्या भांड्यात अंड्याची कॉफी केली होती. कॉफीच्या भुकटीत अंडं कालवून उकळतात, गाळ खाली बसतो आणि वर निवळशंख कॉफी राहते. त्यांच्या चार पिढ्या जमल्या होत्या. जमीन गोठलेली, म्हणून दफन मे महिन्यात झालं. आम्ही गेलो होतो.

ताई, बॅगेत जागा उरली तर एक-दोन जुन्या सुती साड्या टाका. मंगळवारी सकाळी तळघरात काम चालतं, पहिल्या वेळी मी सोबत येईन.