दोनच वाक्यं आहेत म्हणून रुसू नकोस

अरे, तुझा मेसेज वाचला. तीन दिवस सेटवर बसवून ठेवलं आणि शेवटी दोन वाक्यं मिळाली, तीही हिरोच्या मागे उभं राहून, म्हणून खट्टू झालायस. कळतंय मला. मीही असे दिवस काढलेत आणि तेव्हा समजावून सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

वझीर मोहम्मद खान हे नाव ऐकलंयस? बहुतेक नसेल. 14 मार्च 1931 ला मुंबईत मॅजेस्टिकला आलम आरा लागला, आपला पहिला बोलपट. हिरो मास्टर विठ्ठल, हिरॉईन झुबेदा, पृथ्वीराज कपूरही होते, आणि हा माणूस त्यात एक फकीर. बस, तेवढंच काम. पण भारतीय सिनेमातलं पहिलं गाणं त्या फकिराच्या तोंडी होतं. प्लेबॅक आलं 1935 मध्ये, तोवर नटानेच कॅमेऱ्यासमोर गायचं. साथीला पेटी-तबला, वाजवणारे फ्रेमबाहेर दडलेले, माईक कुठेतरी लपवलेला, आवाज थेट चित्राच्याच फिल्मवर उतरायचा म्हणजे एक शब्द घसरला की टेक पहिल्यापासून. शेजारून रेल्वे जायची म्हणून बरंचसं शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर. अशा मध्यरात्री उभं राहून सूर लावायचा, डबिंगमध्ये नंतर सुधारू ही सोयच नाही, विचार कर जरा!

आणि त्याच सिनेमाचा हिरो बघ. मास्टर विठ्ठल मूकपटांचा केवढा मोठा स्टार, तलवारबाजी करावी तर त्यानेच, त्याच्या कराराचं प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा त्याच्या बाजूने वकील कोण तर जिना. पण बोलायची वेळ आली तिथे भाषा अडली, आणि या पहिल्या बोलपटात त्याच्या वाट्याला संवाद अगदी कमी ठेवावे लागले. पुढे हाच माणूस मराठी सिनेमांत छोटी छोटी कामं करत राहिला, वर्षानुवर्षं. तरुणपणी मला हे वाचून वाईट वाटायचं, आता मात्र फार आदर वाटतो, कारण एवढं वर जाऊन आल्यावर परत मेकअप करून चार वाक्यांसाठी रांगेत बसायला केवढं मन लागत असेल.

आलम आराची प्रिंट आज कुठेच नाही, तरी फकीर लोकांना माहीत आहे.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या क्लिप्स मी पाहिल्या, चेहरा छान आहे, पण वाक्याचा शेवट तू गिळतोस. 'मी येतो साहेब' मधलं 'साहेब' ऐकूच येत नाही. माझंही हेच व्हायचं, एकदा साउंड रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि सिनेमा लागला तेव्हा माझं वाक्य कापलेलं होतं, आईला घेऊन गेलो होतो बघायला. म्हणून कळकळीने सांगतोय, पुन्हा असं बसवून ठेवतील तेव्हा मोबाईल बॅगेत ठेव, बाकीच्यांचे संवाद मागून घे, बूम, म्हणजे लांब काठीवरचा माईक, कुठून येतोय ते बघ, हळू बोलूनही शेवटचा शब्द पोचतोय का ते तपास.

परवाच्या शूटची दोन्ही वाक्यं आज रात्री व्हॉइस नोट करून पाठव, पाचदा वेगवेगळी म्हणून. कितीही उशीर झाला तरी मी ऐकेन.