दुबईचे ९,००० दिरहॅम: नोकरी घ्या, बिऱ्हाड इतक्यात हलवू नका

प्रश्न: नाशिकला अकाउंटंट आहे, हातात ७२,००० येतात. पत्नी शाळेत शिकवते, तिचे २८,०००. मुलगी पाच वर्षांची. गृहकर्जाचा २२,०००चा हप्ता धरून महिन्याला ७५,००० खर्च होतात. दुबईतून ९,००० दिरहॅमची ऑफर आहे (त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, ४,५००), डिसेंबरमध्ये रुजू व्हायचे आहे. तिघांनी जावे का?

उत्तर: नोकरी घ्या, पण पहिले वर्ष एकटेच राहा. दिरहॅम २३ रुपयांचा धरला तर पगार २ लाख ७ हजार होतो आणि बहुतेक घरांतली चर्चा या आकड्यावरच संपते. खर्च मात्र दिरहॅममध्ये होणार आहे.

तिघांचा हिशेब मांडू. अल नहदा किंवा अल कुसैसकडे वन बीएचकेचे वर्षाचे भाडे ६०,००० धरले, तर महिन्याला ५,०००. त्यावर ५ टक्के हाउसिंग फी, म्हणजे २५०. ती वीज-पाण्याच्या बिलातूनच वसूल होते. वीज, पाणी, एसीचे ४००. किराणा १,५००. मुलीची शाळा आणि बस १,३५०. मोबाइल-इंटरनेट ४५०, मेट्रो-बसचा पास ३५०. बेरीज ९,३००! पगार तिथेच संपला. नाशिकचा हप्ता अजून धरलेलाच नाही आणि पत्नीचा पगारही बंद झालेला. कंपनीला कायद्याने फक्त तुमचा आरोग्य विमा काढावा लागतो. पत्नी-मुलीचा देणार का, हे आत्ताच विचारा.

पहिला पगार हाती येण्याआधीच घरासाठी रोख लागते. वर्षाचे भाडे चार चेकने द्यायचे ठरले तर पहिला चेक १५,०००, डिपॉझिट ३,०००, एजंट ३,०००, वीज-पाण्याचे डिपॉझिट २,०००. म्हणजे २३,००० दिरहॅम, साधारण ५ लाख २९ हजार रुपये. फर्निचर वेगळे. उरलेले तीन चेक पुढच्या तारखा घालून आधीच द्यायचे असतात, आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकते आणि त्या काळात १४ दिवसांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. चेक वटला नाही, तर घरमालक वसुलीसाठी थेट न्यायालयात जाऊ शकतो. बेरोजगारी विम्याचा आधारही लगेच नाही. तो १२ महिने हप्ते भरल्यावर लागू होतो, बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. तुमच्या बाबतीत महिन्याला २,७००.

म्हणून घासाघीस एकूण पॅकेजवर नको, बेसिकवर करा. ग्रॅच्युइटीही (नोकरी संपताना मिळणारी रक्कम) बेसिकवरच मिळते: पहिली पाच वर्षे दरवर्षी २१ दिवसांची, म्हणजे आत्ता ३,१५० दिरहॅम. बेसिक ६,००० झाले तर ४,२००. ऑफर लेटरमधले आकडेच सरकारी करारात आहेत ना, तेही सही करण्यापूर्वी ताडून पाहा. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च कंपनीचा असतो. कुणी तुमच्याकडे मागितला तर तिथेच थांबा.

एकटे राहिलात तर शेअरिंगची खोली १,२००, जेवण ९००, पास ३५०, फोन २००, किरकोळ ३५०. एकूण ३,०००. पार्टिशनची खोली (घरात आडोसे घालून केलेली) स्वस्त मिळेल, पण ती बेकायदा असते. छापा पडला की रातोरात बाहेर. शारजात भाडे कमी आहे, पण रोज सकाळ-संध्याकाळ दुबईच्या रस्त्यावर अडकायची तयारी हवी. उरलेले ६,००० दिरहॅम म्हणजे १ लाख ३८ हजार. तुमच्याशिवाय घरखर्च ६८,००० धरला तर पत्नीच्या पगारात ४०,००० घालावे लागतील. शिल्लक ९८,०००; आज ती २५,००० आहे.

आता करांचे. डिसेंबरमध्ये निघालात तर या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा जास्त राहणे झालेले असेल. करासाठी तुम्ही भारताचे निवासीच ठराल आणि मार्चपर्यंतचा दुबईचा पगार, सुमारे ८ लाख २८ हजार, इथे करपात्र होईल. दुबईत त्यावर कर नाही, त्यामुळे तिथे भरलेला कर इथल्या करातून वजा करण्याचाही प्रश्न नाही. आगाऊ कराची तरतूद ठेवा आणि दुबईचे बँक खाते विवरणपत्रात दाखवा. कंपनी एप्रिलपर्यंत थांबत असेल तर हा प्रश्नच उरत नाही. विचारून पाहायला हरकत नाही.

गेल्यावर इथले बचत खाते एनआरओ (अनिवासींचे भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते) करून घ्या आणि दुबईहून येणारा पैसा एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचे) खात्यात ठेवा. त्याचे व्याज भारतात करमुक्त आहे. जुने पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येते. पत्नीला दुबईत शाळेची नोकरी लेखी मिळाली, की तिघांचा हिशेब पुन्हा मांडू.