रिठ्याचं पाणी चौथ्या दिवशी आंबलं, आता काय करू?

प्रश्न : ताई, गणपती पेठेतून रिठे, शिकेकाई आणि वाळका आवळा आणला, उकळून गाळून लिटरभराची बाटली भरली आणि बाथरूममध्ये ठेवली. पहिल्यांदा छान वाटलं पण चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस वास. टाकून देववेना म्हणून तेच लावलं तर डोकं खाजायला लागलं, वर केसही राठ झालेत. सासूबाई म्हणतात आम्ही जन्मभर हेच लावलं, कधी काही झालं नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यामुळे असं होतं का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सासूबाईंचं खरं आहे हो, पण त्यांना एकदा विचारून बघा, त्यांनी कधी बाटली भरून ठेवली होती का? आमच्याकडे साताऱ्याला आई न्हायच्या आदल्या रात्री रिठे भिजत घालायची, सकाळी चुलीवर उकळायची आणि तेवढं त्याच दिवशी संपायचं. हा काढा म्हणजे आमटीसारखाच समजा, त्यात पाणी आहे, आवळ्याचा गर आहे, टिकवणारं काहीच नाही, मग दमट बाथरूममध्ये तो आंबणारच. वास आला की सरळ ओतून द्यायचा, जीव तुटला तरी. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठीक राहतो, जास्त झाला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागतील तेवढ्या वड्या आदल्या रात्री काढून ठेवा, मी उन्हाळ्यात असंच करते.

आता राठपणाचं. तुम्ही प्रमाण लिहिलं नाही पण मला वाटतं रिठा जास्त झालाय, कारण फेस यावा म्हणून सगळेच तो वाढवतात. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाचा पदार्थ असतो, तोच मळ आणि तेल सोडवतो, पण रिठ्यात तो भरपूर असल्यानं केसांचं स्वतःचं तेलही ओढून नेतो. शिकेकाई सौम्य आहे, थोडी आंबट आहे, तिनं केस मऊ राहतात. म्हणून लांब केसांच्या एका न्हाण्याला चार-पाच रिठे, सहा-सात शिकेकाईच्या शेंगा आणि आवळ्याच्या चार फोडी एवढंच घ्या. रिठे बत्त्यानं फोडून आतली काळी बी काढून टाका, सगळं दोन-अडीच ग्लास पाण्यात रात्रभर भिजवा, त्यातच चमचाभर मेथी टाका म्हणजे थोडा बुळबुळीतपणा येतो, आणि सकाळी मंद आचेवर वीसेक मिनिटं उकळा. पातेलं मोठं घ्या बरं का, रिठा दुधासारखा भसकन उतू जातो आणि शेगडी पुसता पुसता नको होतं! गार झालं की हातानं चांगलं कुस्करून जुन्या धोतराच्या नाहीतर मलमलच्या फडक्यातून गाळा. दारात जास्वंद असेल तर तिची आठ-दहा पानं कुस्करून त्यात पिळा, राठ केसांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही असं माझं अनुभवाचं मत आहे.

लोखंडी कढईत उकळलं तर आवळ्यातलं टॅनिन, म्हणजे त्याला तुरटपणा आणणारा पदार्थ, लोखंडाशी मिळून पाणी काळंभोर होतं, केस काळे असतील तर काही बिघडत नाही पण पांढरा टॉवेल जवळ ठेवू नका.

बोअरच्या पाण्याचं म्हणाल तर साबण जड म्हणजे क्षारांच्या पाण्यात दुधासारखा फाटतो आणि त्याचा चिकट पांढरा थर केसांवर बसतो, रिठा-शिकेकाईचं तसं होत नाही. पण पाण्यातले क्षार आहेतच, त्यानंही केस राठ लागतात, म्हणून शेवटचा एक तांब्या नळाच्या नाहीतर पावसाच्या पाण्याचा घ्या, त्यात अर्धं लिंबू पिळलं तरी चालेल. आणि आदल्या रात्री तेल लावत असाल तर अगदी बेताचं, कारण चपचपीत तेल हा काढा एका धुण्यात काढत नाही, मग आपण पुन्हा रिठा वाढवतो आणि तिथूनच सगळं बिघडतं. आधी डोक्याची खाज पूर्ण थांबू द्या, मगच ताजा काढा लावा, आठवड्यात थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

एक राहिलं, चोथा झाडाच्या बुडाशी टाकला तर चालतो, पण मासे असलेल्या हौदात किंवा विहिरीत तो धुऊ नका, सॅपोनिन माशांना मारक आहे.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे, तिला हे लावू का?
– एक आई, कराड

उत्तर : रिठा नको. डोळ्यात गेला तर इतका झोंबतो की मोठी माणसंही रडतात, आणि एवढ्याशा पोरीला डोळे मीट म्हटलं तरी ती उघडणारच. तिला लहान मुलांचा सौम्य शाम्पू वापरा, मोठी झाली की शिकेकाईपासून सुरू करा.

प्रश्न : आमच्या बचत गटाला शिकेकाई शाम्पू बाटलीत भरून विकायचाय. पाटणकडून शेंगा मिळतील. काय करावं लागेल?
– गटातली एक सदस्य, सातारा

उत्तर : सह्याद्रीच्या डोंगरात शिकेकाईची काटेरी वेल असते, माल जवळचा मिळतोय हे फार चांगलं. पण पहिल्या प्रश्नातली आंबलेली बाटली डोळ्यासमोर ठेवा, तीच गिऱ्हाइकाच्या घरी फुगली तर गटाचं नाव जातं. द्रव शाम्पूला योग्य प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे टिकवणारा पदार्थ, लागतं आणि ते अंदाजानं चिमूटभर टाकायचं काम नाही, जाणकार रसायनतज्ज्ञ पाहिजे. शिवाय विकायचा शाम्पू कॉस्मेटिकमध्ये मोडतो, बनवायला लायसन्स लागतं, त्यासाठी कॉस्मेटिक्स रूल्स 2020 आहेत आणि आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे जावं लागतं. मी तुमच्या जागी असते तर कोरड्या पावडरीपासून सुरुवात केली असती. विकायची म्हणजे तिलाही लायसन्स आलंच, ते आधी विचारून घ्या, पण पाणीच नसल्यामुळे खडखडीत वाळवून हवाबंद ठेवली तर ती महिनोन्महिने टिकते. दळायला वेगळी गिरणी बघा, पिठाच्या गिरणीत शिकेकाई कुणी घेत नाही, आणि दळताना बायकांना नाकातोंडाला फडकं बांधायला सांगा, ती धूळ घशात गेली की शिंका आणि खोकला थांबत नाही.